साडूंचा आडोसा

समोरच्याच्या लघवीचा रंग कळल्याखेरीज त्याची खुशाली कळली असं न मानणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात एकच होता, आणि माझं नशीब असं, की तो नेमका माझा साडू निघाला. पाटोद्याकडं रोजगार हमीच्या पाझर तलावावर ते मजुरांची हजेरी घ्यायचे. लग्नात भेटले तरी राम राम नाही की काही नाही. "पिवळी होतीय का?" असं थेट विचारायचे, तेही पंगतीत! एकदा नवरदेवाच्या मामांनी हातातला लाडू तसाच खाली ठेवला होता.

पण माणूस खुळा नव्हता. शिमग्याआधीच ऊन चैतासारखं भाजायला लागलंय, हे त्यांनी आमच्या कितीतरी आधी ओळखलं होतं. टपरीवर रंगीत थंड बाटल्या आल्या होत्या, गावात पाणी मात्र टँकरचं. कामावर कुणी चक्कर येऊन पडायचं, कुणाला मुतखडा व्हायचा. साडूंचं औषध एकच, पाणी. घागर घेऊन ते स्वतः फिरायचे आणि तांब्याभर पाजल्याशिवाय हजेरी मांडायचे नाहीत. पुरुष प्यायचे. बायका मात्र तांब्या तोंडाला लावल्यासारखं करून पाणी हळूच मातीत सोडायच्या. साडू असे कावायचे! "दुधावानी जपतो मी हे पाणी, अन् तुमी सांडता?" बायका पदरानं तोंड पुसून टोपली उचलायच्या.

एका दुपारी सरूबाई नावाची लेकुरवाळी मजूर डोक्यावरच्या टोपल्यासकट कोसळली. जीपमधून तिला पाटोद्याच्या दवाखान्यात नेलं. दोन दिवस शुद्ध नव्हती. तिसऱ्या दिवशी साडूंबरोबर मीही गेलो. ती डोळे उघडून पडली होती.

"पाणी का पीत न्हाईस गं बाई?" साडूंनी विचारलं.

"भाऊ, पेलं की जावं लागतं," ती हळूच म्हणाली. "त्या उघड्या माळावर बाईमाणसानं जायचं कुठं?"

साडूंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "मी येड्यावानी नुसतं प्या प्या म्हणत बसलो," एवढंच ते मला म्हणाले. मलाही लाज वाटली. माझ्या तरी डोक्यात हे कुठं आलं होतं?

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरातली चांगली सतरंजी आणि चार बांबू नेऊन तलावाच्या कडेला आडोसा उभा केला. सतरंजीपायी मेहुणी आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. डॉक्टरांनी सरूबाईला ऊन वर्ज्य सांगितलं होतं, पण पंधरवड्यात ती परत कामावर आली. दुसरं करणार काय बिचारी?

साडूंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला मात्र ते अजून तिथंच दिसतात, भर उन्हात आडोशाकडं पाठ करून राखण करत उभे. आणि सरूबाई घटाघटा पाणी पितेय.