मॉन्टानाचा माळ आणि चिमणीएवढा हट्ट

"पुढच्या गुरुवारी माझं विमान आहे आणि तुम्ही मला अजून मॉलच दाखवताय," शशीकाका पोह्यांची प्लेट पुढे ओढत म्हणाले, आणि आमची ट्रिप ठरली.

शशीकाका म्हणजे माझ्या नवऱ्याचे, मंदारचे, सख्खे काका. सोलापूरला कॉलेजात भूगोल शिकवायचे, आता एकाहत्तर वर्षांचे. चाळीस वर्षं तिथल्या माळरानावर पक्षी बघत हिंडले. तेही मोर, गरुड असले दिमाखदार नव्हेत, तर गवतात राहणारे, मातकट, चिमणीएवढे. आमच्याकडे अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या बॉथेलला आले तेव्हा बॅगेत लोणच्याच्या बरण्यांमध्ये दुर्बीण होती आणि डोक्यात एकच नाव होतं: चेस्टनट-कॉलर्ड लाँगस्पर. मागच्या बोटाची नखी लांब, म्हणून लाँगस्पर. याची काही भावंडं पार टुंड्रात, झाडंच नसलेल्या गारठ्यात, जमिनीवर घरटी करतात. हा मात्र प्रेअरीचा, म्हणजे अमेरिकेच्या माळाचा. नर हवेत चढतो आणि गात गात खाली उतरतो. "आपल्या चंडोलासारखाच," काका म्हणायचे. "पण माळ नांगरले जातायत, तसा हाही कमी होतोय. आणि मी काही पुन्हा एवढं लांब येत नाही. बघायचा तर आत्ताच."

मग काय! मंदारने दोन मीटिंगा कॅन्सल केल्या, मी कूलरच्या थंड पेटीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि भडंग भरलं आणि शनिवारी सकाळी सहाला आम्ही नव्वद नंबरचा हायवे पकडला.

पहिला दिवस नुसता रस्ता. डोंगर ओलांडले की वॉशिंग्टनचा हिरवा रंग उडतो, मग स्पोकॅन, मग आयडाहोचे घाट, आणि संध्याकाळी मॉन्टानातलं मिझुला. जेवणाच्या थांब्यांसकट दहा तास धरा. मोटेलची खोली साधारण सव्वाशे डॉलरला मिळते, पण जूनमध्ये आधी बुकिंग करा. काका पुढच्या सीटवर नकाशा घेऊन भूगोलाचा तास घेत होते. मी मागून काही विचारलं की "काय म्हणालीस?" म्हणायचे, मंदारला मात्र लगेच उत्तर. मला वाटलं, सासरची माणसं, चालायचंच.

दुसऱ्या दिवशी ग्रेट फॉल्सनंतर जमीन सपाट होत गेली आणि आभाळ मोठं. हॅव्हरला पेट्रोल भरून घ्या, पुढे पंप विरळ आहेत. दुपारी माल्टा नावाच्या छोट्या गावात पोचलो; लाँगस्परचा माळ याच्या आसपासच. तिथल्या खानावळीत, डायनरमध्ये, शाकाहारी म्हणजे ग्रिल्ड चीज सँडविच आणि बटाटे. बेरी-पाय नावाचं गोड मात्र सोडू नका, ते खाऊन मंदार चक्क गप्प बसला. वाढणाऱ्या बाईंनी विचारलं, एवढ्या लांबून कशासाठी आलात? काकांनी दुर्बीण दाखवून पक्ष्याचं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "ते होय! उद्या दुपारी पाऊस आहे. त्याआधी कच्च्या रस्त्यावरून बाहेर पडा, नाहीतर गाडी चिखलातच राहील."

म्हणजे आमच्या हातात एक संध्याकाळ आणि एक सकाळ.

माळावर काकांचे नियम कडक. पँट मोज्यात खोचायची, कारण गवतात गोचीड असतात. पाय बघून टाकायचा, कारण घरटी जमिनीवर असतात, बरेचदा वाळलेल्या शेणाच्या आडोशाला. आणि बोलायचं अजिबात नाही. "माळावर पक्षी आधी कानाला दिसतो. मी हात वर केला की थांबायचं." संध्याकाळभर आम्ही त्यांच्या मागे वाऱ्यात चाललो. मधूनच एक बारीक किणकिण यायची, काचेच्या बांगड्या घरंगळाव्यात तशी. मी दर वेळी काकांकडे बघायचे. ते शांतपणे चालत असायचे. म्हणजे हा कुणीतरी भलताच पक्षी असणार, एवढा मोठा उस्ताद पुढे असताना मी कोण सांगणार? मंदारने तर परस्पर ठरवून टाकलं होतं की वाऱ्याने कुंपणाची तार वाजतेय. अंधारताना आम्ही हात हलवत परत आलो. काका मोटेलमध्ये दशमीचा एकच तुकडा खाऊन झोपले. मला फार वाईट वाटलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला पुन्हा माळावर. पश्चिमेला ढग जमायला लागले होते. एक तास गेला, दोन गेले. किणकिण चालूच, काकांचा हात खालीच. नऊच्या सुमाराला मंदार घड्याळाकडे बघायला लागला, आणि तेवढ्यात माझ्या पायापासून चार हातांवर वाळक्या शेणामागून काहीतरी भुर्रकन उडालं. काळं पोट, मानेवर तांबूस पट्टा, पांढऱ्या शेपटीवर काळा त्रिकोण! ते काकांच्या मागे, बरोबर डोक्यावर चढलं आणि तीच किणकिण ओतायला लागलं. काका भलतीकडेच बघत होते.

नियम गेला खड्ड्यात. मी किंचाळले, "काका! मागे! वर बघा, वर!"

काका गर्रकन वळले. दुर्बीण डोळ्यांना लागली आणि त्यांचा चेहरा असा काही फुलला की मला उड्या माराव्याशा वाटल्या, आणि मी मारल्याही. मंदार मोबाइलवर व्हिडिओ घेत सुटला होता. पक्षी पंख थरथरवत आमच्यावरून गोल फिरला आणि हळूहळू गवतात उतरला. काकांनी दुर्बीण खाली घेतली.

"अनघा," ते हळूच म्हणाले, "चोच उघडी होती. गात होता ना गं तो?"

"हो काका. कालपासून गातायत. किती तरी आहेत."

त्यांनी एक बोट कानाशी नेलं. मग म्हणाले, "मला काहीच ऐकू आलं नाही."

पुढचा अर्धा तास मी कान आणि ते डोळे. "डावीकडे, तारेच्या पलीकडे," मी म्हणायचे, की त्यांना सापडलाच! सात नर बघितले. पहिले थेंब पडले तेव्हा आम्ही धावत गाडी गाठली, आणि भिजलेले शशीकाका लहान मुलासारखे हसत होते.

परतीचा रस्ता तोच. घरी आल्यावर मंदारने त्या व्हिडिओतला आवाज निम्म्या वेगाने चालवला, म्हणजे तो जाड होतो आणि काकांच्या कानाला पोचतो. काकांनी हेडफोन लावले आणि तीनदा ऐकलं. मग म्हणाले, "तीन वर्षं झाली, आमच्या माळावर चंडोल ऐकू येत नाही. मला वाटलं, संपले. मी तिकडे जाणंच सोडलं होतं."

तुम्ही जाणार असाल तर जूनमध्येच जा. आणि नवखे असलात तरी जे ऐकू येईल ते सोबतच्यांना सांगा, हे मी स्वतःलाही बजावते आहे.

काल संध्याकाळी सोलापूरहून काकांचा फोन आला. तिथे सकाळचे साडेसात वाजले होते. कानाच्या डॉक्टरांची तारीख पुढच्या आठवड्यातली, पण तेवढा धीर कुणाला! "माळावर उभा आहे," ते म्हणाले. "फोन वर धरतो. काही येतंय का सांग."

आधी नुसता वारा आला. मग एक गाणं वर वर चढत गेलं.

"गातोय काका," मी ओरडले. "दुसराही आहे, लांब."

"थांब, फोन ठेवू नकोस," ते म्हणाले. "थोडा पुढे चालत जातो."