पाकिटावरचा एक रुपया

माझ्या सासूबाईंनी अमेरिकेच्या राजकारणात ढवळाढवळ केली ती कॅरी नावाच्या गावातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये, मोदकांची दुसरी पंगत उठता उठता. तिकडे गावाकडे गणपती बुडून आठवडा झाला होता. पण आमच्या मंडळात शनिवारी हॉल मिळेल तीच चतुर्थी, आणि बाप्पा बिचारे कधी कुरकुरले नाहीत.

साल २००६. मला नोव्हेंबरची तारीख दिली होती आणि सासूबाई माझ्या बाळंतपणाला आल्या होत्या. खरं म्हणजे माझी आई यायची होती. तिला मुंबईत व्हिसा नाकारला. खिडकीपलीकडच्या माणसाने पासपोर्ट परत सरकवला आणि कारणही सांगितलं नाही. मी फोनवर ढसाढसा रडले आणि मग, एवीतेवी रडतेच आहे तर, सासूबाई येणार म्हणून आणखी थोडं रडून घेतलं. पण बाई आल्या आणि पंधरा दिवसांत माझं मत पार फिरलं. मला सकाळी मळमळायचं, तर त्या माझ्याआधी उठून आलं ठेचून बसलेल्या असायच्या. माझे पाय सुजले तर मांडीवर घेऊन चोळायच्या, आणि तोंडाने म्हणायच्या, "तुझ्या नवऱ्याच्या वेळी मी विहिरीवरून पाणी आणत होते, तुमची आपली थेरं." हात मात्र थांबायचे नाहीत. मला त्या बाई बाळंतपणाला हव्याच होत्या. स्पष्टच सांगते.

आता त्यांची पाकिटं. येताना कऱ्हाडहून त्यांनी लग्नातल्या अहेराच्या पाकिटांचा गठ्ठा आणला होता. वर गणपती, सोनेरी नक्षी आणि कोपऱ्यात चिकटवलेलं एक रुपयाचं नाणं. त्यात दहा डॉलरची नोट घालून दोनचार पाकिटं त्यांच्या बटव्यात कायम तयार. कोणी वाकून नमस्कार केला की त्याच्या हातावर काहीतरी ठेवायचं, रिकाम्या हाताने आशीर्वाद द्यायचा नाही, हा त्यांच्या माहेरचा नियम. युनिव्हर्सिटीतल्या पोरांना ही बातमी कळायला वेळ लागला नाही. शिकायला आलेली ती भुकेली पोरं मंडळाच्या कार्यक्रमात अशी काही भक्तिभावाने वाकायची की ज्ञान वाटतंय की दहाची नोट, कळू नये. एकाने तर एका दुपारी दोनदा नमस्कार केला. सासूबाई म्हणाल्या, "बाळा, एकच आशीर्वाद मोप पुरतो," आणि तरी दुसरं पाकीट दिलंच.

त्या वर्षी काँग्रेसची निवडणूक होती. म्हणजे इथली लोकसभाच म्हणा. टीव्ही लावायची सोय नव्हती. एक उमेदवार चौकड्यांचा शर्ट घालून कुत्र्याबरोबर शेतात चालायचा, बाजूने गिटार नाही तर बँजो. लगेच पुढच्या जाहिरातीत तोच माणूस काळापांढरा, डोळे बारीक केलेला, आणि मागून भुताच्या सिनेमातला आवाज विचारायचा, याला पैसे कोण पुरवतंय? मग दुसऱ्याचा कुत्रा, आणि दुसऱ्याचं भूत. शेवटी मात्र दोघंही न चुकता हसून सांगायचे की या जाहिरातीला माझी मान्यता आहे. आपल्याकडे निदान शिव्या देणारा मान्यता तरी देत नाही.

आमच्या भागातल्या उमेदवारावर आरोप होता की तो बाहेरच्या राज्यातल्या बिल्डरांच्या पैशावर उभा आहे. म्हणून तो बिचारा सामान्य जनता शोधत हिंडत होता. आमच्या मंडळाच्या अध्यक्षांनी त्याला आरतीला बोलावलं. हॉलमधल्या निम्म्या लोकांना इथे मताचा अधिकारच नव्हता. पण अध्यक्षांना फोटो हवा होता, आणि उमेदवारालाही फोटोच हवा होता. तेव्हा ती गोष्ट कोणी काढली नाही.

तो आला. लांबुळका, गोरापान, कुर्ता आखूड. त्याला कोणीतरी शिकवून आणलं होतं की या लोकांत वडीलधाऱ्यांच्या पाया पडायचं असतं. पहिल्या रांगेत सासूबाई बसल्या होत्या. गडी सरळ त्यांच्यापुढे आला आणि कमरेत मोडून वाकला. सासूबाईंचं तोंड काय उजळलं! हात बटव्यात गेला, पाकीट बाहेर आलं, त्याच्या डोक्यावर एक हात, तळहातावर पाकीट. "विजयी हो बाळा. खासदार हो." चहूबाजूंनी कॅमेरे चमकले. त्याने हात जोडले, पाकीट कुर्त्याच्या खिशात टाकलं आणि मोदक काट्याने खाल्ला.

त्या दिवसापासून सासूबाईंच्या लेखी तो खासदारच. टीव्हीवर दिसला की म्हणायच्या, "आपला खासदार बघ, वाळलाय."

पुढे साधारण महिन्याभराने, सकाळी आम्ही दोघी त्यांचा आवडता कार्यक्रम बघत होतो. त्यात माणसं फ्रिजचे आणि साबणाचे भाव ओळखतात. सासूबाईंना इंग्रजी येत नव्हतं, पण भावाची घासाघीस त्यांना कुठल्याही भाषेत कळायची. मध्येच जाहिरात लागली. काळापांढरा उमेदवार. आणि समोर, संथ गतीने, पाकीट पुढे करणाऱ्या सासूबाई! कॅमेरा पाकिटाच्या कोपऱ्यात घुसला. रुपयाच्या नाण्याभोवती लाल वर्तुळ. भूत म्हणालं, परदेशी चलन! ही परदेशी बाई कोण? पाकिटात काय होतं? यांना हवंय तरी काय?

माझ्या हातातली पोह्यांची बशी कलंडली. सासूबाई मात्र पुढे सरकून बघत होत्या.

"अगं, ही मीच की! पदर बरा आलाय. काय म्हणतोय तो?"

"विचारतोय, तुम्हाला काय हवंय."

"मला?" त्या माझ्या पोटाकडे बघून म्हणाल्या, "नातवंड सुखरूप हवं. दुसरं काय हवंय मला? सांग त्याला."

संध्याकाळी नवरा ऑफिसातून आला तोच पांढराफटक. कँटीनमध्ये टीव्हीवर त्याने आपली आई बघितली होती. आमचं ग्रीन कार्ड तेव्हा अगदी शेवटच्या टप्प्यात अडकलेलं होतं आणि हा माणूस तेवढ्यासाठी गाडीसुद्धा रस्त्यावरच्या पाटीपेक्षा हळू चालवायचा. त्याची पाचावर धारण बसली. कॉम्प्युटर उघडून त्याने कायदा वाचला. परदेशी माणसाने इथल्या उमेदवाराला एक सेंटही द्यायचा नाही.

"आई, तू इथे टुरिस्ट आहेस!" तो ओरडला.

"मग टुरिस्टाच्या पाया पडायला त्याला कोणी सांगितलं होतं?" सासूबाई म्हणाल्या.

तो आणखी ओरडला. मग फोन घेऊन आतल्या खोलीत गेला आणि बाहेर आला तो शुक्रवारचं तिकीट काढूनच. आई इथे दिसली तर कोणीतरी चौकशीला येणार, मग आपली केस उघडणार, मग आपण सगळेच परत. त्यापेक्षा आई एकटी जाऊ दे.

मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही, कारण माझी मुलगी आता मराठी वाचते. एवढंच सांगते की माझ्या आईला त्या खिडकीवाल्याने येऊ दिलं नाही, आणि तू तर घरात आलेल्या आईला हाकलतोयस, तुझ्यात नि त्याच्यात फरक काय, असा त्याचा सारांश होता. सासूबाई उठल्या, डिंक तळायला घेतला आणि बाळंतिणीचे लाडू वळू लागल्या. दिवस भरायला अजून तीन आठवडे होते. "आधीच करून ठेवते," म्हणाल्या. "मागून कोण करणार?" मला इतका राग आला, इतकं वाईट वाटलं, की मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात एक वकिलीणबाई उभी. उमेदवाराच्या प्रचाराची वकील, हातात चेक. त्यांना पाकीट सापडलं होतं. उमेदवाराची म्हातारी आई जवळच राहते. तिला त्यावरचा गणपती आवडला म्हणून तिने ते न उघडता आपल्या फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवलं होतं. बिल्डरांचे खोके शोधायला निघालेल्यांना मिळालं काय, तर दहा डॉलर आणि एक रुपया. साप साप म्हणून भुई धोपटणं ते हेच. पण बाई म्हणाली, कायदा तो कायदा. पैसे परत घ्या, सही करा, पेपरात एक फोटो येईल, आणि जाहिरातीतली हवा जाईल. तुमच्या ग्रीन कार्डाला याने काही होत नाही, हे तिने नवऱ्याला दोनदा सांगितलं, पण परत केल्याचा कागद हातात येईपर्यंत याचा जीव काही थाऱ्यावर येईना. तिकीट तसंच.

म्हणजे सासूबाईंनी नुसती सही करायची होती. आणि बाईंनी मान हलवली.

"दिलेला आशीर्वाद परत घेत नाहीत. त्याचं वाटोळं व्हायचं असेल तर घेते."

"आई, अगं दहा डॉलर!" नवरा.

"पैशाचं कोण बोलतंय? तो माझ्यापुढे वाकलाय."

मी भाषांतर करत होते. वकिलीण चक्रावली. तिच्या पुस्तकात घेण्याचे गुन्हे होते, देण्याचे होते, पण परत न घेण्याचा नियम तिने वाचला नव्हता. मी सासूबाईंना आत नेलं आणि हात धरून सांगितलं, "आई, तुम्ही नाही घेतलंत तर हा तुम्हाला विमानात बसवणार. मला इथे दुसरं कोणी नाही हो." त्या बाहेर येऊन वकिलीणबाईसमोर बसल्या.

"त्याची आई माझ्याहून मोठी आहे का?"

मी विचारलं. बरीच मोठी, वकिलीण म्हणाली.

"मग तिला घेऊन या. मी तिच्या पाया पडते. तिने हातावर काही ठेवलं तर ते परत घेणं होत नाही. तो प्रसाद."

वकिलीणबाईने हे कागदावर लिहून घेतलं, पुन्हा वाचलं आणि म्हणाली की कायद्याच्या दृष्टीने पैसा जिथून आला तिथे पोचला, बस. जाताना मला हळूच विचारलं, तुझ्या सासूबाई पूर्वी वकील होत्या का?

गुरुवारी आमच्या बैठकीच्या खोलीत उमेदवार, त्याची वॉकर धरून आलेली आई, वकिलीण आणि पेपरचा फोटोवाला. सासूबाई मोरपंखी रेशमी साडीत. म्हातारीला मी समजावलं, त्या वाकतील, मग डोक्यावर हात ठेवून काही चांगलं बोला आणि पाकीट द्या. सासूबाई गुडघ्यांवर हात टेकत वाकल्या. म्हातारीने सुरकुतलेला हात त्यांच्या केसांवर ठेवला, जरा विचार केला आणि म्हणाली, किती गं वाळलीस, पोटभर जेवतेस ना?

मी भाषांतर केलं आणि सासूबाई वर उठेचनात. मला वाटलं गुडघा धरला. पण त्या रडत होत्या. "माझ्यापेक्षा मोठं कोणी उरलंच नाही गं," त्या म्हणाल्या. "आई गेल्यापासून मला असं कोणी विचारलं नव्हतं." माझ्या नवऱ्याने तोंड खिडकीकडे फिरवलं.

हे बघून उमेदवारालाही काय भरून आलं कोण जाणे, तो पुढे झाला आणि पुन्हा सासूबाईंच्या पायांवर वाकला. आणि सासूबाईंचा हात, डोळे पुसता पुसता, सवयीने बटव्यात! वकिलीणबाई सोफ्यावरून किंचाळत उडालीच. नवऱ्याने झडप घालून बटवा पकडला. पेपरात आला तो फोटो नेमका हाच, हवेतल्या वकिलीणबाईचा.

सगळे गेल्यावर नवरा फोनपाशी घुटमळला. "तिकीट कॅन्सल करतो," तो म्हणाला. मग आईसमोर वाकला. मी बघतच राहिले. सासूबाईंनी डोक्यावर हात ठेवला, पण परत आलेलं पाकीट कमरेला घट्ट खोचलं. "तुला नाही," त्या म्हणाल्या. "तू माझं तिकीट काढलंस. जा, आधी चहा टाक."

निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी मुलगी झाली. उमेदवार पडला. सासूबाईंना हॉस्पिटलमध्येच कळलं, आणि त्या हळहळल्या. "मी सांगत होते. परत आलं ना पाकीट, मग असंच होणार."

मग त्यांनी बटव्यातून तेच पाकीट काढलं, गणपतीचं, रुपयावालं, आणि दुपट्यातल्या इवल्याशा मुठीत त्याचा कोपरा सरकवला. नवरा दचकून पुढे आला.

"का रे? ही तर इथली ना?" त्या म्हणाल्या. "इथे जन्मली, इथली झाली. हिने दिलेलं घ्यायला कोणाची ना आहे?" आणि नातीच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "मोठी झालीस की आपल्या खासदाराला दे हो बाळा. आपलं देणं राहिलंय."