वासराच्या कातड्यावरचं औषध

लातूर नवा जिल्हा झाला, औशाजवळच्या मिशन दवाखान्याची पाटीही बदलली, पण पाऊस काही आला नाही. तिथं झाडलोट करणाऱ्या शिवगंगाबाईंच्या गाईचं दूध आटलं आणि वासरू गेलं.

वसईच्या सिस्टर फिलोमिना दवाखाना चालवायच्या. त्यांच्या खोलीत काचेच्या चौकटीत एक जुनं पान होतं. लॅटिन भाषेतल्या, सातशे वर्षांपूर्वीच्या वैद्यकाच्या पोथीचं. पोथी म्हणजे देवच, म्हणून बाई रोज काच पुसून बोटभर विभूती लावत.

“मावशी, माझ्या पानाला लिंगायत करून टाकलंत!” सिस्टर हसत म्हणायच्या.

“मग काय झालं? दवा सांगणारं पान हाय.”

एके दिवशी चौकटीला वाळवी लागलेली दिसली. सिस्टरांनी पान बाहेर काढलं, तर ते वळत चाललेलं. “एक टोक धरा हो, मावशी.”

बाई वाकल्या. पिवळट बाजूवर केसांच्या मुळांशी असतात तशी बारीक बारीक छिद्रं होती.

“ह्यो कागद न्हाई, सिस्टर.”

“कातडं आहे. वासराचं.”

बाईंचा हात मागं आला. मेल्या जनावराचं कातडं, आणि याच डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग ठेवून त्या रोज पूजा करत. “आधी सांगाया काय झालतं ओ?”

“तुम्ही इतक्या भक्तीनं पुसत होता. माझ्यानं सांगवलं नाही.”

पानाच्या कडेवर वाळवी चालत होती. बाई उभ्याच. “लिव्हलंय काय त्येच्यावर?”

“आईचं दूध आटलं तर बडीशेप उकळून द्यावी, असं. पुढं पुस्तकं बांधणाऱ्या कुणी जिल्दगरानं पोथी फाडली, हे पान दुसऱ्या पुस्तकाच्या पुठ्ठ्याला चिकटवलं. शेकडो वर्षं ते तसंच मिटून होतं. माझ्या गुरूंनी ते मला दिलं.”

“बडीशेप? आमी बी बाळंतिणीला तीच देतो की!” बाई बघतच राहिल्या. कुठला मुलूख, कुठले लोक. मग छिद्रांजवळ वाकून हळूच म्हणाल्या, “आन ह्या वासराच्या आईला दिली असंल का ओ कुणी?”



बाईंनी पदराला हात पुसले आणि टोक धरलं. हाताच्या उबेनं पान जरासं हललं. त्यांच्या अंगावर काटा आला.

“जित्तं हाय की, सिस्टर!”

वाळवी झटकून, पान सरळ करून दोघींनी ते नव्या काचेखाली ठेवलं. संध्याकाळी पूजेला बसताना बाईंनी नेहमीसारखे हात धुतले, क्षणभर तळहाताकडं पाहिलं, आणि इष्टलिंग त्याच्यावरच ठेवलं.