खांद्यावरचा हात

कपाट उघडलं की डांबरगोळ्यांचा वास येतो आणि मला नांदेडचं कॉलेज आठवतं, कारण तिथला एक फोटो मी गोळ्यांशेजारीच ठेवलाय. एकाहत्तरच्या लढाईनंतर फौजेतून सुटून आलेला देगलूरकडचा एकजण आमच्या बी.ए.च्या वर्गात होता. वयानं मोठा, म्हणून सगळे त्याला दादा म्हणायचे. कॅमेरा घेऊन तो कॉलेजभर फिरायचा आणि पोरांचे फोटो काढायचा, पण एकेकट्याचेच. निरोपाच्या दिवशी सायकल स्टँडजवळ मी आणि माझा अर्धापूरचा मित्र खांद्यावर हात टाकून उभे राहिलो. "हात काढा," दादा म्हणाला. आम्ही कारण विचारलं. त्यानं कॅमेरा खाली घेतला. "माझा एक दोस्त लढाईत गेला. घरी त्याचा एकट्याचा फोटोच न्हाई. मग आमच्या दोघांच्या फोटोतनं त्याला कापला आन् हार घातला. खांद्यावर माझा हात तसाच ऱ्हायला. त्याच्या मायनं इचारलं, ह्यो हात कुणाचा? तवापास्नं मी एकेकट्याचेच फोटो काढतो." मित्रानं तरीही हात काढला नाही. शेवटी दादानं तसंच बटण दाबलं. आता माझी सत्तरी उलटलीय. मी गेल्यावर हार घालायची वेळ आली की हाच फोटो घे आणि कापू नको, असं मुलाला सांगितलं. फोटोतल्या दुसऱ्या, जित्या माणसाला हार कसा घालायचा, म्हणून तो कुरकुरला. मी अर्धापूरला फोन लावला. मित्र म्हणाला, "घाल म्हणावं. हात ऱ्हाऊ दे."