बाबांची मान

लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात कुणी कुणाशी बोलत नाही. नुसते ओठ हलवतात आणि समोरचा ते वाचतो. खडखडाटच एवढा असतो की ओरडूनही उपयोग नसतो. समोरच्याने मान हलवली तर त्याचा अर्थ इतकाच, की माझं लक्ष आहे, बोल. तो होकार नसतो आणि नकारही नसतो. बाबांची उमेदीची वर्षं कामतघरच्या कारखान्यांत गेली आणि ती मान ते घरीही घेऊन आले. आईने काहीही सांगितलं की मान हलायची. पटलं की नाही ते मागाहून, जेवण झाल्यावर कळायचं. आई म्हणायची, "ह्यांच्या मानंवर इस्वास ठेवला असता तर माझ्या पाटल्या कवाच झाल्या असत्या."

आमच्या गल्लीच्या तोंडाशी सरकारी दवाखाना होता. दोन खोल्या आणि एक नर्सबाई. आईला साखरेचा आजार. तळपायाला जखम होती, पण पाय बधिर झालेला, त्यामुळे ती दुखत नसे. दुखत नाही म्हणून आई तिला विसरे, आणि म्हणूनच रोज कुणीतरी पट्टी बदलायला हवी होती. ती चालत जायची, नर्सबाईशी गप्पा मारायची, चालत परत यायची. यात आमच्यापैकी कुणाचंच काही कर्तृत्व नव्हतं. दवाखाना जवळ होता, एवढंच.

मग भिंतीवर कागद लागला. दवाखाना धामणकर नाक्यापलीकडे मोठ्या इमारतीत न्यायचा विचार आहे, तरी रहिवाशांनी मत मांडायला शाळेच्या हॉलमध्ये यावं. वेळ सकाळची, नेमकी पाण्याची. आमच्याकडे नळाला पाणी आलं की बाई हंड्याजवळून हलत नाही, बाहेर देश विकायला काढला तरी. म्हणजे ज्या पोरं काखेला मारून दवाखान्यात जातात त्या सगळ्या नळावर, आणि मत मांडायला गेले ते दवाखान्याची पायरीही कधी न चढलेले पुरुष. मी गोदामात ड्युटीवर होते. गल्लीच्या वतीने बाबांनी बोलायचं ठरलं होतं. वय मोठं आणि आवाज मोठा. आमच्याकडे पुढारी व्हायला आणखी काही लागत नाही.

हॉलमध्ये काय झालं ते शेजारच्या चाचीने सांगितलं. तिची सून नळावर होती, म्हणून चाची हॉलच्या दाराशी जाऊन उभी राहू शकली. बाबा पहिले उठले आणि दवाखाना इथंच ठेवा म्हणाले, अर्थात कारखान्यातल्या आवाजात. बैठक घ्यायला आलेले साहेब दचकले. "काका, भांडायला आलात का?" मग त्यांनी माइक तोंडाला लावला आणि नव्या इमारतीत काय काय असेल ते खाली बघून वाचायला सुरुवात केली. मधूनमधून विचारत होते, चालेल ना, मान्य आहे ना.

"साब मुंडी नीचे डालके बोलता, फिर जरा ऊपर देखता," चाची म्हणाली. "और ये सब के सब मुंडी हिला रहे थे. मेरे वाला भी."

माइकमागे ओठ दिसत नव्हते आणि लूमवर राबलेल्या त्या सगळ्यांचे कान तर कधीच गेलेले. समोरचा काहीतरी सांगतोय एवढंच त्या सगळ्यांना कळत होतं, आणि भल्या माणसांसारखं ते त्याला कळवत होते, लक्ष आहे, बोला. रहिवाशांची संमती मिळाली, असं लिहिलं गेलं. साहेबांना मी खोटं म्हणणार नाही. त्यांनी माना पाहिल्या होत्या.

दवाखान्याला कुलूप लागलं तेव्हा गल्ली आमच्या दारात आली.

"तुमीच हो बोल्लात," कुणीतरी म्हणालं.

"मी कवा हो बोल्लो?" बाबा ओरडले. "मी त्याला बोल, असा बोल्लो!"

ज्यांनी स्वतः माना हलवल्या होत्या तेच जास्त तणतणत होते. चोराच्या उलट्या बोंबा.

आई सुरुवातीला शेअर रिक्षाने जायची. नाक्यावरच्या गर्दीत उतरायचं, ट्रकांमधून वाट काढत रस्ता ओलांडायचा, मग रांग. पुढे ती दिवसाआड जाऊ लागली, मग आठवड्याने. दुखत नव्हतंच. एक दिवस पट्टीला वास आला. ठाण्याच्या रुग्णालयात तिच्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट काढलं. मी बाहेर बाकावर बसले होते. राग यायला हवा होता, रडू यायला हवं होतं. मी वाट पाहिली. काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी कामावर गेले आणि खोक्यांच्या नोंदी केल्या. अजूनही तसंच आहे. आई कशी आहे विचारलं की बरी आहे म्हणते आणि पुढच्या कामाला लागते.

बाबांची मान मात्र तेव्हापासून थांबली. आई बोलते, ते तिच्या ओठांकडे बघतात, मान ताठ. ती मधेच थांबून विचारते, "आयकताय ना?" ते मोठ्याने "हां" म्हणतात. तिला ते पुरत नाही.

यंदा पुन्हा कागद लागला. गल्लीत दवाखान्याची छोटी शाखा द्यावी का, यावर मतं मागवली होती. मला कसलीही आशा नव्हती. तरी रजा टाकून कचेरीत गेले. का गेले ते सांगता येणार नाही. आता तिथे साहेबांच्या जागी एक बाई होत्या. त्यांना म्हटलं, बैठक पाण्याच्या वेळेला ठेवू नका. आणि इथली माणसं लूमवरची आहेत, तेव्हा माइक खाली ठेवा, तोंड समोर करून बोला, ठरेल ते फळ्यावर लिहा आणि हात वर करायला सांगा. मानेवर जाऊ नका. बाई "बरं" म्हणाल्या. एवढ्यावरच काम झालं. मी जिना उतरताना आईच्या बोटांचा विचार केला आणि रिक्षा पकडली.

या वेळी अर्धा हॉल बायकांचा होता. आईला पुढे खुर्चीत बसवलं. कचेरीतल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि फळ्यावर लिहिलं, पट्टी बदलण्याची सोय आठवड्यातून तीन दिवस. मान्य असेल त्यांनी हात वर करा. सगळ्यांनी केले, बाबांनी, चाचीने, मीही. मिळतंय ते पदरात पाडून घ्यावं. आईचा हात मांडीवरच होता.

"काय झालं, आजी?"

"जखमेला वार कळतो का, बाई?" आईने पाय पुढे केला. "रोज पायजे."

मग एकेक हात खाली आला. बाईंनी 'आठवड्यातून तीन दिवस' पुसलं, 'रोज' लिहिलं आणि पुन्हा हात मागितले. या वेळी आईने सगळ्यांच्या आधी केला.

ते लिहिलेलं वर गेलंय, मंजुरी यायची आहे. कुलूप अजून तसंच आहे. मी येता-जाता बघते.

त्या संध्याकाळी आई भेंडी चिरता चिरता हॉलमधलं सगळं पुन्हा सांगत होती, बाबा तिथेच होते तरी. ते ओठ बघत होते, मान ताठ. आईने सुरी खाली ठेवली.

"हालवा की मान. हितं कोन लिवून घेतंय?"

बाबांनी आधी दाराकडे पाहिलं. मग माझ्या हातांकडे. माझे हात रिकामे होते. तेव्हा कुठे त्यांनी मान हलवली, आणि आई पुढचं सांगू लागली.