काचपट्टीची कड

सटवाईवर माझा राग होता. माझी पहिली मुलगी सातव्या महिन्यातच झाली. सहाव्या दिवशी सासूबाईंनी पाट्यावर कोरा कागद, पेन, हळदकुंकू मांडलं. सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते म्हणून. दोन दिवसांनी मुलगी गेली. तेव्हापासून मी कुठल्याच देवापुढे हात जोडले नाहीत. घरचे म्हणत, रक्त तपासून तपासून हिचं काळीज काचेचं झालंय. मी म्हणायची, असू दे, काच निदान खोटं बोलत नाही.

धुळ्यात देवपूरच्या एका बालरुग्णालयात मी प्रयोगशाळेत आहे. मध्यंतरी तिथे एक अभ्यास सुरू झाला. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांच्या टाचेतून रक्ताचा थेंब घ्यायचा, काचपट्टीवर पसरून रंगवायचा आणि रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी प्रकारानुसार मोजायच्या. बाळ आजारी दिसण्याआधीच या पेशी काही खूण देतात का, ते शोधायचं होतं. पट्टीवर नाव नसे, नुसता नंबर. कोणता नंबर कुणाचा, ती वही अभ्यास चालवणाऱ्या डॉक्टर मॅडमच्या कपाटात. एका पट्टीवर शंभर पेशी मोजायच्या. खरं सांगते, हात बसला की माणूस मधल्या सुटसुटीत भागातच शंभर उरकतो. मीही तेच करत होते.

त्या दुपारी एक पट्टी मोजून मी माझ्या नोंदवहीत सगळं ठीक असल्याचं लिहिलं. तेवढ्यात खोलीतला पंखा चालू असूनही हवा थांबल्यासारखी झाली. मान वर केली तर दारात एक म्हातारी उभी. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू. आमच्या मजल्यावर बाहेरच्या माणसाला येऊ देत नाहीत, म्हणून मी जरा चिडूनच विचारलं, "कोण पाहिजे, आक्का?" तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. माझ्या पट्टीकडे बोट करून अहिराणीत म्हणाली, "ते लेकरू मनं शे. कडले देखं नही तू. आखो मोज, माय."

बाळ तिचं, मी कड पाहिली नाही, तर पुन्हा मोजावं, असं ती सांगत होती. नंबरामागचं बाळ मलाच ठाऊक नव्हतं, आणि पट्टीच्या कडेला मी पाहिलं नव्हतं हे माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. मी पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. कडेला कोवळ्या, पुरत्या न वाढलेल्या पेशींची गर्दी होती. आत कुठेतरी जंतू शिरले की शरीर घाईघाईने अशी भरती करतं. डोळा काढून दाराकडे पाहिलं तर दार रिकामं.

मी धावत मॅडमकडे गेले. आपण आधी अर्धवट मोजलं होतं हेही कबूल केलं. त्यांनी वही उघडली. नंबर काचपेटीतल्या सहा दिवसांच्या मुलाचा निघाला. मूल गुलाबी होतं, दूध पचवत होतं. तरी मॅडमनी पट्टी स्वतः पाहिली, आणखी तपासण्या लावल्या आणि लगेच औषध सुरू केलं. संध्याकाळी त्याचा श्वास मध्येच थांबू लागला. औषध तोवर रक्तात पोचलं होतं. मॅडम एवढंच म्हणाल्या, "उद्यावर टाकलं असतं तर हाती काही राहिलं नसतं."

बाहेर बाकावर त्याचा बाप बसला होता. मी त्याला सांगितलं, "तुमच्या आईंना सांगा, त्या दुपारी आल्या म्हणून बरं झालं." तो म्हणाला, "माय कशी येई, ताई? आठे मी एकलाच शे. बठ्ठ्या बाया घर शेतस, आज सट पूजानी शे." म्हणजे घरच्या सगळ्या बायका सहाव्या दिवसाच्या सटवाईपूजेसाठी घरीच होत्या. वॉचमनला विचारलं. जिन्याने कुणीच चढलं नव्हतं. पुढे मी कुणाला काही विचारलं नाही. मला भीती वाटत होती, आणि त्या भीतीतच कितीतरी वर्षांनी मी रडले.

माझ्या मुलीच्या वेळी ती का आली नाही, हा प्रश्न आजही जात नाही. पण आता मी उत्तरासाठी अडून बसत नाही. आपल्या हातात मोजणं आहे, ते कडेपर्यंत नेटाने करावं. त्यापुढचं ज्याचं त्याच्यावर सोडावं. एवढं कळायला मला फार वेळ लागला.

महिन्याभराने बाळ घरी निघालं. त्याची आजी मुद्दाम मला भेटायला आली. ती ठेंगणी, गोरी, डोळ्यांवर चष्मा. मी पाहिलेली बाई ती नव्हतीच. तिने बाळ माझ्या ओंजळीत दिलं. ते गाढ झोपेत होतं आणि एकाएकी खुदकन हसलं. झोपेत बाळाला सटवाई हसवते म्हणतात, तसं आजी कौतुकाने म्हणाली, "सटवाई हसाडी राहिनी त्याले." माझ्या पाठीमागे दार होतं. मी वळून पाहिलं नाही. बाळ सांभाळत तशीच खाली वाकले आणि त्याच्या कपाळाला कपाळ टेकवलं.