करवत-माश्यांची हजेरी

गैरहजर असा माणूस जगात नसतोच, तो फक्त उशिरा येणार असतो, असं मनापासून मानणारा एकच इसम मला भेटला: वाशीतले आमचे शेजारी हजेरीकाका. तुर्भ्याच्या एका कारखान्याच्या फाटकावर त्यांनी पंधरा वर्षं हजेरी घेतली, शेवटचा माणूस आत आल्याशिवाय फाटक लावू दिलं नाही, आणि ती सवय अंगात इतकी मुरली, की काकू म्हणायच्या, "अहो, मंगलाष्टकं चालू असताना हे वऱ्हाड मोजत होते!"

पुढं कारखान्याला टाळं लागलं. माणसं पांगली, कुणाचा कुणाला पत्ता नाही. काका आतून खचले. त्याच सुमारास त्यांनी महाबळेश्वरहून आणून डब्यात लावलेल्या काटेरी रासबेरीवर हिरव्या अळ्या पडल्या. काकूंनी पावडर आणली, काकांनी ती लपवली. "करवत-माशीच्या आहेत. आईच्या शेपटाला करवत असते, पान कापून आत अंडी घालते. आणि यांच्यात नर नसतोच, बरं का!" हे ते इतक्या हळू सांगत, की माझ्या अंगावर काटा यायचा.

रोज सकाळी सातला काका डब्यावर पेन्सिल टकटकवत. त्यासरशी झाडून साऱ्या अळ्या शेपट्या वर उचलत आणि तशाच थांबत. शप्पथ, मी स्वतः पाहिलंय. वारा नाही, आवाज नाही, नुसत्या ताठ शेपट्या. मग काका एकेक नाव पुटपुटत. ती कारखान्यातल्या माणसांची नावं होती. "काका, पुरे की आता!" म्हणून मी एकदा हातातला चहा तसाच टाकून पळालो.

एका सकाळी झाडाची काडी तेवढी उरली. अळी एकही नाही. "मातीत गेल्यात," काका म्हणाले. "वर्ष झोपतात, दोन वर्षंसुद्धा. पण येतात." मग माझा हात घट्ट धरला. "सगळे येतात ना रे परत?"

काही दिवसांनी काका-काकू ब्लॉक सोडून चिपळूणकडे गावी गेले. डबा माझ्याकडे. दर महिन्याला काकांचं कार्ड: आल्या का? दोन वर्षांनी मी माती उकरली. कोष होते, सगळे आतल्या आत वाळलेले. मला फार वाईट वाटलं. त्याच आठवड्यात काकूंच्या अक्षरात कार्ड आलं: यांचं काही खरं नाही. डोळे मिटून नावं घेतात आणि तेच विचारतात.

मी लिहिलं, "काका, आज सकाळी सगळे आले. एकाचाही खाडा नाही."

काकूंनी ते त्यांना वाचून दाखवलं. काका म्हणे कितीतरी दिवसांनी हसले आणि म्हणाले, "मग फाटक लावा आता."